चार नंबरची गाडी आणि वाघ्या घेवडा

कोकजार, १२ सप्टेंबर

जुराकान,

घरची माणसं, गोठ्यातली गुरं खुशाल आहेत, गुडघे फार कुरकुरत नाहीत आणि अंगणातलं जर्दाळूचं झाड अजून उभं आहे, असं मीच धरून चालतो. नऊ वर्षांनी पत्र लिहिणाऱ्या माणसाला विचारायची सोय नसते, धरून चालावं लागतं.

पत्र टपालात टाकत नाही, शायलोच्या हाती देतो आहे. निवडणुकीच्या दिवशी जन्मला म्हणून बापाने 'निवडणूक' हेच नाव ठेवलं, तो शायलो. तुमच्या गणितात नापास, माझ्या कवितेत नापास. आता चार नंबरची गाडी चालवतो, खालच्या बाजारापासून वर तुमच्या कारोल वस्तीपर्यंत. कविता म्हणताना अडखळायचा तो पोरगा घाटातल्या वळणावर जरा अडखळत नाही. आपण दोघांनी त्याला उगाच रडवलं.

लिहिण्याचं कारण आहे. राजधानीहून बेगाइम नावाची वाहतूक इंजिनियर बाई आली आहे. आपल्या शहराला चार नव्या गाड्या मिळायच्या आहेत, पण त्याआधी आत्ताची सेवा कशी चालते ते तपासायचं, कुठल्या मार्गाला काय हवं ते ठरवायचं. नगरपालिकेत कुजबुज अशी, की वर कारोलला माणसं थोडी, चार नंबर सकाळची एक फेरी ठेवून बाकी बंद करावी. सोळा ऑक्टोबरला संस्कृतिगृहात सभा आहे, तिथे निर्णय. बेगाइमला गाडीत बसून लोकांना प्रश्न विचारणारा माणूस हवा होता, लोक ज्याच्याशी मोकळेपणाने बोलतील असा. चाळीस वर्षं या गावाला शिकवलेला म्हातारा घरी रिकामाच बसला होता. माझ्या गळ्यात वही आणि पेन अडकवून दिलं.

जुराकान, किती आनंद झाला म्हणून सांगू! या गाड्यांवर माझं पहिल्यापासून प्रेम. आठवतं, पूर्वी तिकिटांचं भेंडोळं असायचं. सहा आकड्यांपैकी पहिल्या तिनांची आणि शेवटच्या तिनांची बेरीज सारखी आली की ते तिकीट नशिबाचं, लगेच खाऊन टाकायचं. मी बोटं मोजत बसायचो आणि तुम्ही नुसती नजर टाकून म्हणायच्या, "नाही एसेनकुल, तुमचं आजही उपाशीच." एकदा बेरीज जुळली तेव्हा तुम्ही तिकिटाचे दोन तुकडे केलेत. त्या कागदाची चव अजून जिभेवर आहे. असो.

तर दहा दिवस मी चार नंबरने फिरतो आहे, आणि आपली सेवा इतकी सुंदर आहे हे मला ठाऊकच नव्हतं! मी दारातून बाहेर पडावं आणि गाडी समोर हजर. आत पाऊल टाकलं की तिघं-चौघं उठून उभे. शायलो वळणं अशी घेतो की वाटीतला चहा सांडू नये. प्रत्येकाला विचारतो, "किती वेळ थांबावं लागलं? जागा मिळाली का?" सगळ्यांसाठी मी अजून 'आगाय', मास्तरच; प्रत्येकाचं उत्तर, "छान आहे आगाय, देवाची कृपा." दूध घेऊन येणारी तुर्सुन तर म्हणाली, "आगाय, तुम्ही विचारलंत, त्यातच आमचा प्रवास सुखाचा झाला." वहीत सगळीकडे पाचपैकी पाच. चाळीस वर्षांत एका वर्गाला मी इतके पाच दिले नव्हते.

तुमच्या वस्तीचं सगळं या गाडीवर चालतं, म्हणून वाटलं, ही बातमी तुम्हाला सांगावी. दुसरं काही नाही.

तुमचा एकेकाळचा सहकारी,
एसेनकुल

*

कोकजार, २० सप्टेंबर

जुराकान,

तुमचा निरोप पोचला. शायलोने गाडीचं इंजिन बंद न करता खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा सांगितला. "आगाय, वरच्या जुराकान एजेंनी सांगितलंय, एसेनकुलने चार नंबरची गाडी जन्मात कधी पाहिलेली नाही!"

मी म्हटलं, "मूर्खा, रोज तुझ्याच मागे बसतो ना मी?"

"तेच मी पण म्हटलं. तर मला म्हणाल्या, तू गप बस, तुला बेरीज येत नाही."

दोन दिवस मी तुमच्यावर रागावून होतो. नऊ वर्षांनी माणूस चार ओळी लिहितो आणि त्याला भर बाजारात टोला! तिसऱ्या दिवशी बेगाइमने मला चहाला बोलावलं. माझी वही तिच्यासमोर होती. बाई शांत स्वभावाची, पण चेहरा पडलेला.

"आगाय," ती म्हणाली, "तुमचे कागद मी नगरपालिकेत दिले. तिथले साहेब फार खूश झाले."

"होणारच."

"म्हणाले, लोक इतके समाधानी आहेत तर चार नंबरला नवी गाडी कशाला? आणि फेऱ्या कमी केल्या तरी ही माणसं तक्रार करणारी नाहीत, हे तुमच्या शिक्षकांनीच लिहून दिलंय. खाली सही आहे."

मी चहाची वाटी खाली ठेवली.

बाईने हळूच विचारलं, "तुम्ही गाडीत चढता तेव्हा काय होतं?" मी सांगितलं. सांगता सांगता मलाच ऐकू येऊ लागलं. पांढरी दाढी, डोक्यावर उंच टोपी, अर्ध्या गावाचा मास्तर. माझ्यासमोर कोण म्हणेल की तासभर उभी होते? आपल्याकडे म्हाताऱ्याला बसायला जागा देतात, पाहुण्याला गोड देतात आणि मास्तरला बरोबर उत्तर देतात. मी एकाच वेळी तिन्ही होऊन गाडीत चढत होतो.

आता जे नऊ वर्षं लिहिलं नाही ते लिहितो. तुमच्या वरच्या शाळेचं छप्पर बघायला प्रांताहून मंडळी आली होती, तेव्हा पाहुणे आले म्हणून मी दस्तरखान पसरून मेजवानी मांडली, कणकेचे बोर्सोक तळवून आणले, आणि "शाळा कशी आहे?" असं त्यांनी विचारल्यावर मी म्हणालो, "उबदार! घरासारखी!" तुम्ही समोर हातमोजे घालून बसला होतात. छपराची दुरुस्ती दुसऱ्या शाळेला मिळाली. तो अख्खा हिवाळा पोरं कोट घालून बेरजा करत राहिली. मी सगळ्यांना सांगत आलो, की जुराकान एका शब्दावरून रुसली. शब्द एकच होता, हे खरं आहे. पण त्याच्याखाली चाळीस पोरं कुडकुडत होती.

आणि आता त्याच वस्तीची गाडी मी माझ्या सहीने बंद करायला निघालो आहे.

सभेला सव्वीस दिवस उरलेत. काय करायचं ते सुचत नाही. सल्ला मागण्याचा अधिकार नाही, म्हणून मागत नाही. फक्त कळवलं.

एसेनकुल

*

कोकजार, २५ सप्टेंबर

जुराकान,

हसू नका. म्हणजे हसाच, कारण सगळं कोकजार हसतं आहे, तुम्हीच तेवढं मागे का राहायचं.

मी दाढी काढली. गेली बावीस वर्षं जपलेली दाढी. जावयाची चोच असलेली टोपी घातली, काळा चष्मा लावला, मुलीचं बाजारात न्यायचं चाकांचं पिशवीगाडं ओढत घेतलं आणि माझा थांबा सोडून तीन थांबे पुढे जाऊन उभा राहिलो. ठरवलं, आज अनोळखी माणूस म्हणून चढायचं, खरी गाडी बघायची.

गाडी आली. चढलो. मग मागून तुर्सुनचा आवाज, "अगं बाई, आगायना काय झालं? दाढी कुठे गेली?"

"कोण आगाय?" मी आवाज जाड करून म्हटलं.

"मेलं कोण घरात? सांगायचं तरी!" दुसरी म्हणाली.

"मेलं कुठचं, लग्न करतायत! बघ की, दहा वर्षांनी लहान दिसतात."

"बसा आगाय, नवऱ्या मुलाने उभं राहू नये!"

पाच जण उठले. पूर्वी तिघंच उठायचे. शायलोने आरशातून बघितलं आणि गाडी इतकी हळू घेतली की एक गाढव आम्हाला मागे टाकून गेलं.

घरी येऊन आरशात पाहिलं तर हनुवटीला खळगा आहे. मी विसरूनच गेलो होतो. तरुणपणी या खळग्यावर मी एक अख्खी कविता केली होती, वर्गात म्हणायचं धाडस झालं नव्हतं.

हे सगळं शायलोने वर येऊन तुम्हाला साभिनय सांगितलंच असेल, कारण संध्याकाळी परत येताना त्याने माझ्या हातात तुमची पिशवी ठेवली. आत घेवड्याचे दाणे, तीन पुड्या: पांढरा, वाघ्या, काळा. आणि तुमच्या त्या उभ्या, एकही वेलांटी वाया न घालवणाऱ्या अक्षरातला कागद. शेवटच्या ओळीपासून वाचायची माझी जुनी खोड आहे. शेवटची ओळ होती: "तोंडं तुम्हाला भितात. हात भीत नाहीत."

बाकी कागद चार वेळा वाचला. गाडीच्या मागच्या दाराशी झाकणाचा डबा, झाकणाला भोक. उतरताना ज्याने त्याने दाणे टाकायचे. वाट बघितलेल्या दर दहा मिनिटांना एक दाणा. बसायला मिळालं तर पांढरे, उभं राहावं लागलं तर वाघ्या. गाडी न थांबता निघून गेली असेल तर प्रत्येक वेळेचा एक काळा. डब्याजवळ कोणी उभं राहायचं नाही, "आणि एसेनकुलने तर त्या आठवड्यात गाडीत पायसुद्धा ठेवायचा नाही."

पायसुद्धा! बरं. नाही ठेवत.

मात्र या सगळ्यात एक 'प्रिय' किंवा 'नमस्कार' असता तर तुमच्या गणिताचं काही बिघडलं नसतं.

एसेनकुल

*

कोकजार, ४ ऑक्टोबर

जुराकान,

सातही डबे आज शायलोबरोबर पाठवले आहेत. झाकणं तशीच बांधलेली, मी उघडली नाहीत. मोजणी तुम्हीच करा. माझ्या हातून दाणे मोजताना मध्येच एखाद्याचा रंग आवडतो आणि संख्या निसटते.

काय आठवडा गेला! घेवड्याची काढणी चालू, शेतावरून येणाऱ्या कुणाच्या खिशात दाणे नाहीत? बेगाइमला वाटलं होतं, लोकांना दाणे वाटावे लागतील. तुर्सुन तिला म्हणाली, "ताई, आमच्याकडे पोरं दात येण्याआधी दाणे ओळखतात. तुम्ही फक्त भोक मोठं ठेवा." पहिल्या दिवशी अफवा उठली की मास्तर आता एकेचाळीस दाणे मांडून भविष्य सांगणार. दोघी जणी घरी येऊन विचारून गेल्या, मुलगा परदेशातून कधी येईल. मी म्हटलं, चार नंबर वेळेवर आली तर त्याला स्टेशनवरून आणता तरी येईल.

मी गाडीत गेलो नाही, पण खिडकीत बसून ऐकत होतो. डब्यात दाणे पडण्याचा आवाज गाडी थांबली की रस्त्यापर्यंत येतो. टक. टक टक. आणि मग एखाद्या बाईचा लांबलचक टकटकटकटक. त्या बाईला मी पंधरा-वीस दिवस वही धरून विचारत होतो आणि ती हसून "छान आहे" म्हणत होती. चाळीस वर्षं पोरांकडून कविता म्हणवून घेतल्या, इतकं खरं पाठांतर कधी ऐकलं नव्हतं.

एक गोष्ट आधीच कबूल करून ठेवतो: गुरुवारच्या डब्यात तुर्सुनने मूठभर काळे एकदम टाकले. शायलो ओरडला, "अगं, मी सतरा वेळा नाही सोडलं तुला!" तर म्हणाली, "माझे चार, बाकी सासूच्या गुडघ्यांचे." तुम्ही त्यातून काय ते वजा करालच.

एसेनकुल

*

कोकजार, ११ ऑक्टोबर

जुराकान,

तक्ता मिळाला. शायलोने मोजलेल्या उतारूंनी भागून सरासरी वाट बघणं सत्तेचाळीस मिनिटं. उभ्याने प्रवास करणारे दहात सात. काळे दाणे दोनशे बारा, मूठभरातले तेरा वजा करून.

आणि तळाशी तुम्ही लिहिलेली ती टीप. आधीच्या पंधरवड्यात तुम्ही स्वतः थांब्यावर घड्याळ घेऊन बसत होतात, हे मला माहीत नव्हतं. "एसेनकुल ज्या सकाळी गाडीत होते त्या सकाळी गाडी वर अकरा मिनिटं उशिरा पोचली. ते नव्हते तेव्हा नाही."

मी शायलोला दारातच पकडलं.

"तू माझ्यासाठी थांबायचास?"

"थांबायचो कुठे आगाय? हळू यायचो."

"खरं सांग."

"आता खिडकीतून दिसायचं ना, तुम्ही एक बूट घातलाय, दुसरा शोधताय. मग टोपी. मग परत आत जाऊन पुस्तक. सोडून कसा जाणार? तुम्ही मला शिकवलंय."

"मी तुला नापास केलं होतं!"

"ते पण शिकवणंच की."

जुराकान, मी लिहिलं होतं ना, पाऊल बाहेर टाकलं की गाडी हजर? ती अकरा मिनिटं वरच्या थांब्यावर तुर्सुनच्या सासूने उभ्याने भरली. दवाखान्याची रांग त्या अकरा मिनिटांत लागून जाते, असं आता कळतं. मी माझा दुसरा बूट शोधत होतो.

शायलोला सांगितलं आहे, उद्यापासून माझ्या दारात वेग कमी केलास तर तुला पुन्हा नापास करीन. तो म्हणाला, "आगाय, सवय मोडायला वेळ लागेल." मी म्हटलं, "मला पण."

सभेत आकडे तुम्ही वाचाल ना? तुम्हीच वाचा. मी वाचले तर त्यांना पालवी फुटेल.

एसेनकुल

*

कोकजार, १६ ऑक्टोबर, दुपार

जुराकान,

तुम्ही पोचू शकला नाहीत, म्हणून सभा जशी झाली तशी लिहितो. शक्य तितकी कोरडी.

संस्कृतिगृह भरलं होतं. मागे दूधवाल्या, पुढे नगरपालिका. मी शेजारची खुर्ची तुमच्यासाठी धरून ठेवली होती. दहा वाजले, सव्वादहा झाले. साहेब उठले आणि माझी वही वर धरून म्हणाले, "आपले आदरणीय एसेनकुल आगाय, आपल्या सर्वांचे गुरू, यांनी स्वतः फिरून पाहिलं आहे. लोक समाधानी आहेत. तेव्हा चार नंबरची सकाळची फेरी पुरेशी आहे." टाळ्यासुद्धा पडल्या. माझ्या नावाला टाळ्या द्यायची या गावाला सवय आहे.

तेवढ्यात शायलो दारातून आत आला, घामाघूम. "आगाय! एजे वरच्या थांब्यावर उभ्या आहेत. मला थांबता आलं नाही. पायरीवर तीन माणसं लोंबकळत होती, वर घेवड्याची पोती. त्यांनी काठी दाखवली मला!"

सगळी सभा हसली. मग कुणीच हसेना.

माझ्या हातात तुमचा तक्ता होता. मी उठलो. मी म्हणालो, "ती वही माझी आहे. तीत लिहिलंय ते खोटं आहे. लोक माझ्याशी खोटं बोलले नाहीत, त्यांनी म्हाताऱ्याचा मान राखला. तो मान मी उत्तर म्हणून लिहून घेतला. पूर्वीही एकदा मी असंच केलं होतं, वरच्या शाळेच्या बाबतीत. तेव्हा मला कोणी अडवलं नाही, कारण जी अडवू शकली असती तिला मी बोलू दिलं नाही."

मग तुमचा तक्ता वाचला. सत्तेचाळीस. दहात सात. दोनशे बारा. एकही विशेषण लावलं नाही, जुराकान. अकरा मिनिटांची टीपसुद्धा वाचली, माझ्या नावासकट. त्या वेळी पुढच्या रांगेतल्या कुणी खाली बघितलं, पण मागून तुर्सुन म्हणाली, "बूट आधी शोधून ठेवत जा आगाय!" आणि सभेत जीव आला.

साहेब म्हणाले, "दाण्यांवरून शहर चालवायचं का? हे काय भविष्य मांडलंय?"

बेगाइम उभी राहिली. "साहेब, माझ्या कार्यालयाने पाठवलेल्या छापील प्रश्नावल्या शंभर होत्या. शंभर जणांनी 'छान' लिहिलं. हे दाणे सोळाशेवर आहेत. आणि एक बाई आत्ता या क्षणी थांब्यावर उभी आहे. तिला जाऊन विचारू या का?"

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. माणूस वाईट नाही, त्यालाही गेली कित्येक वर्षं सगळे "छान आहे" म्हणत आलेत. त्यांनी विचारलं, "चार नंबरवर कोण कोण येतं, हात वर करा." हात वर झाले, आणि जुराकान, मला त्यांची तोंडं दिसेनात इतके हात होते.

ठरलं ते असं. चार नंबर बंद नाही. चारांपैकी दोन नव्या गाड्या वर कारोलच्या मार्गावर, दर पंचवीस मिनिटांना एक. काढणीच्या दिवसांत पोत्यांसाठी वेगळी मालवाहू गाडी. आणि वर्षातून दोनदा, डबे.

मी बाहेर आलो तर शायलो गाडीच्या पायरीवर बसून रडत होता. म्हणाला, "आगाय, नवी गाडी मला मिळेल का?" मी म्हटलं, बेरीज आली तर.

एसेनकुल

*

चार नंबर, २ नोव्हेंबर, सकाळ

जुराकान,

अक्षर वेडंवाकडं आहे, कारण उभ्याने लिहितो आहे. नवी गाडी. खिडक्या मोठ्या, त्यामुळे सगळी पॉपलरची झाडं एकदम आत येतात. पहिली गाडी चुकली, दुसऱ्या बुटाने. शायलो समोरून भोंगा वाजवत निघून गेला, खिडकीतून हात हलवला, वेग कमी केला नाही. मी रस्त्यात उभा राहून त्याला टाळ्या वाजवल्या. शेजारीण म्हणाली, आगायना वेड लागलं. पुढची गाडी बरोबर पंचवीस मिनिटांनी आली. मी घड्याळ लावून मोजली.

माझ्यासमोरच्या जागेवर शेतावरची एक मुलगी झोपली आहे, तोंड उघडं, हातावर माती. दोघं जण तिला उठवायला निघाले होते. मी डोळे वटारले. आता सगळे माझ्याकडे बघतायत आणि मी दांडी धरून डुलतो आहे, आणि मला वाटतं, गेल्या कित्येक वर्षांत मी आज पहिल्यांदाच प्रवास करतो आहे.

तुमची चिठ्ठी खिशात आहे. "शनिवारी अकराला चहा. कविता आणू नका." एकच आणली आहे, लहान आहे, हनुवटीवरची. नको असेल तर वाचणार नाही.

वळण आलं. खाली सगळं कोकजार दिसतं आहे, दोरीवर वाळत घातल्यासारखं. पुढे तुमचा थांबा, आणि थांब्यावर कुणीतरी काठी टेकून उभं आहे, घड्याळ बघत. गाडी वेळेवर आहे, जुराकान, मी शपथेवर सांगतो, आणि यावेळी तपासायला तुम्ही समोरच आहात. पुढचं कागदावर लिहीत बसलो तर उतरायचं राहून जाईल.